जीपचा पत्रा आणि गोंदियाची लाख

पावसाळा संपता संपता मामाचा फोन आला. "अरे, माझा पाय जीपमधून खाली गेला न बाप्पा!"

मला वाटलं उतरताना घसरला असेल. पण तसं नव्हतं. क्लच दाबायला पाय टेकवला आणि जीपचा तळच फाटला. टाच बाहेर, खाली धावता रस्ता. नशीब की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि मागून कोणी येत नव्हतं. पायाला चार टाके पडले, बाकी मामा ठीक आहे. जीप मात्र ठीक नव्हती.

गंमत (?) म्हणजे तीनच वर्षांपूर्वी त्याने त्याच तळाला झकास कोटिंग करून घेतलं होतं. काळं, जाड, हत्तीच्या कातडीसारखं खरबरीत. दिवाळीत मी गोंदियाला गेलो तेव्हा ते कोटिंग पाहिलं. त्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं. फक्त त्याच्या खाली पत्रा उरला नव्हता! आमच्याकडे कोडबेसची अशीच अवस्था असते, वरून स्क्रीन छान आणि आत सगळं पोखरलेलं. असो. पण हे नेमकं झालं कसं हे शोधायला बसलो आणि दोन वीकांत त्यातच गेले. सुरुवात जीपपासून केली आणि पोचलो परत गोंदियालाच.

आधी जीप. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. गाडी युद्धाची, दारं नाहीत, छत कापडाचं. पाणी आत येणारच हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. म्हणून त्यांनी तळाला भोकं ठेवली, काढता-घालता येणाऱ्या बुचांसकट. चिखल झाला की बूच काढा, बादली ओता, संपलं. माझ्या मते त्या गाडीतलं हे सगळ्यात शहाणपणाचं डिझाइन आहे. आणि सगळ्यात वेडेपणाचंही तिथेच खाली आहे. तळाच्या पत्र्याला आधार म्हणून खालून टोपीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या जोडल्या होत्या आणि त्यांच्या पोकळीत चक्क लाकडी ठोकळे घातले होते. लाकूड ओल धरून ठेवतं, आणि ती ओल पत्र्याला खालच्या बाजूने, जिथे ब्रश पोचत नाही तिथून खाते. आज जगभर जुन्या जीपा दुरुस्त करणारे लोक पहिली शिवी त्या ठोकळ्यांनाच देतात. अर्थात त्यांचाही दोष नाही. युद्धातल्या गाडीने पन्नास वर्षं टिकावं अशी कोणाची अपेक्षा होती?

आपल्याकडे मात्र त्या टिकल्या, म्हणजे टिकवल्या गेल्या. युद्धानंतर आसाम-बर्मा आघाडीवरचा अमेरिकन माल 'डिस्पोजल'मध्ये निघाला आणि जीपा ठेकेदार, जमीनदार, शिकारी यांच्याकडे गेल्या. मग १९४०च्या दशकाच्या शेवटी महिंद्राने मुंबईत विलीसच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे काही दशकं त्याच घराण्यातल्या गाड्या देशभर खेड्यापाड्यांतून धावल्या.

आता त्या गाडीला गोंदियात आणा. वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस. चहूकडे धान, म्हणजे जूनपासून दिवाळीपर्यंत बुटाला चिखल. मामाची जीप आधी तलावावरची मासोळी वाहायची, मग खताची पोती. पोटॅशच्या खतात क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. युरिया ओल्यात विरघळून अमोनिया सोडतो. फाटक्या पोत्यातून हे सगळं तळाच्या सांध्यात जाऊन बसतं आणि वरून आपण हौसेने रबरी मॅट अंथरतो. जुन्या कारागिरांचे उपाय तीनच होते: शेंदरी प्रायमर, डांबर आणि इंजिनचं जळकं ऑइल.

शेंदरी प्रायमर हा खरंच शेंदूर आहे बरं का. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि लोखंडी पुलांना वर्षानुवर्षं तोच लावत. विषारी, पण गंज रोखण्यात उस्ताद. मग त्याची जागा रेड ऑक्साइडने घेतली, ज्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. गंजही तोच घराण्यातला! त्यामुळे जुन्या जीपच्या तळाशी प्रायमर कुठे संपला आणि गंज कुठे सुरू झाला हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मामाचा तळ कोटिंगच्या आधी "लाल होता, चांगला होता" असं तो शपथेवर सांगतो. त्यातलं लाल नेमकं काय होतं?

डांबराचा मान गाड्यांच्या इतिहासात मोठा आहे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची, आणि तो काळा रंग डांबरवर्गातल्या अस्फाल्टचा, भट्टीत भाजून पक्का केलेला होता. १९२३-२४मध्ये ड्युपाँचा 'ड्यूको' आला, झटपट वाळणारा, पाहिजे त्या रंगाचा. त्याला म्हणत लॅकर.

आणि इथे गोंदिया येतं. लॅकर हा शब्द आला लाखेवरून. आपली लाख, 'लाक्षा'. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बारीक किडे चिकटतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात, ती लाख. पळसावरच्या लाखेला रंगिनी म्हणतात, कुसुमावरच्या लाखेला कुसुमी. गोंदिया हे नाव डिंकावरून, 'गोंद'वरून पडलं असं तिथे सांगतात. डिंक आणि लाख जंगलातून बाजारात यायची. १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली, मग गोंदिया जंक्शन झालं आणि लाखेचे कारखाने उभे राहिले. लाख कुटायची, धुवायची, वितळवायची की त्याचे पातळ पापुद्रे होतात. तेच शेलॅक. जगातलं फर्निचर त्याने चमकलं आणि ७८च्या तबकड्या त्याच्याच बनल्या. १९४२मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी शेलॅक वापरण्यावर कडक बंधन घातलं, कारण काडतुसं सीलबंद करायलाही तेच लागायचं. म्हणजे पहिल्या जीपा धावत होत्या त्याच वेळी भारतातल्या पळसाची लाख त्याच युद्धात गेली होती.

ड्यूको लॅकरमध्ये मात्र लाखेचा कणही नव्हता. तो नायट्रोसेल्युलोजचा. नाव आपलं, माल त्यांचा! लाख मागे का पडली हे समजण्यासारखं आहे. ओलीत ती पांढुरकी पडते, उन्हात तापलेल्या पत्र्यावर मऊ होते आणि अल्कलीत सरळ विरघळते. युरियाच्या पोत्याखाली तिचं काय झालं असतं ते सांगायला नको. जीपमध्ये तिला जागा मिळाली ती इंजिनात. गॅसकेट बसवताना मिस्त्री डबीतून जे चिकट काढतो त्याला तो अजूनही शेलॅकच म्हणतो, आत काहीही असो.

मामाच्या गाडीवरचं काळं कातडं पॉलियुरेथेनचं. हे रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७मध्ये शोधलं. पुढे अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात त्याचा जाड थर मारायची पद्धत पडली आणि तिथून ती जीपच्या तळात आली. वस्तू अफाट आहे. आपटा, घासा, धुवा, तिला फरक पडत नाही. पण ती पत्र्याला धरून बसते, आणि पत्रा धड नसेल तर गंजाला धरून बसते. मामाच्या गॅरेजवाल्याने (नाव नको) तारेचा ब्रश कसाबसा फिरवला, वेल्डिंगचे सांधे तसेच ठेवले आणि वर सांडपाण्याची भोकंही त्याच मालाने बुजवली. "पाणी आत येणारच नाही साहेब," म्हणाला. उघड्या जीपमध्ये! पाणी आलं, सांध्याच्या भेगेतून थराखाली शिरलं आणि बाहेर पडायला वाट नाही. आधी जो गंज दिसायचा तो दिसेनासा झाला, एवढाच त्या खर्चाचा उपयोग.

मामाला हे समजावताना मी चिकटण्याचं बल वगैरे सुरू केलं. त्याने हात वर केला. "म्हणजे तलाव बांधला अन् तुडुम ठेवला नाही." तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडायची मोरी. नवेगावबांधच्या परिसरात कोहळी लोकांनी शेकडो तलाव बांधले, त्यामुळे तिथे पाण्याची अक्कल घराघरात आहे. फक्त जीपच्या बाबतीत ती कोणी विचारली नव्हती. विशेष म्हणजे २०२०मध्ये आलेल्या नव्या थारमध्ये धुता येणारा तळ आणि बुचाची भोकं आहेत. ऐंशी वर्षांनी परत तिथेच.

दिवाळीनंतर काम झालं. दोन्ही सीटा काढल्या. सीटच्या बोल्टाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर बिस्किटासारखा तुटला, तेव्हा मामा पहिल्यांदा गप्प झाला. त्याच सीटवर त्याची नात बसून शाळेत जाते. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, खालच्या पट्ट्या बदलल्या, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलं, थिनरने पुसलं, मग एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलंट आणि शेवटी तेच काळं कोटिंग, पण पातळ. भोकं उघडी. मॅट नाही. मामाने स्वतः बादलीभर पाणी ओतलं आणि वाकून दोन्ही बाजूंनी धार पडते का ते बघितलं.

पहिल्याच आठवड्यात एक बूच हरवलं. सध्या तिथे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण बसवलंय.