इन्स्पेक्टर आणि त्याचे वाचक

ब्रिटिश पोलीस-तपासकथेत खुनाचा छडा हौशी बुद्धिमान गृहस्थ लावत नाही. तो पगारी पोलीस लावतो, तोही वरिष्ठांची बोलणी खात, हाताखालच्यांकडून घरोघर चौकशी करवून घेत आणि अहवालांचे कागद भरत. इंग्लंडमध्ये हा प्रकार स्थिरावला तो १९५०च्या दशकात. वाचकांची मते मात्र त्याच्या शंभर वर्षे आधीच तापू लागली होती, आणि तेव्हा त्यांचा रोख पुस्तकांवर नव्हता, खऱ्या पोलिसांवर होता.

लंडनचे महानगर पोलीस दल रॉबर्ट पील यांनी १८२९मध्ये उभे केले. साध्या कपड्यांत तपास करणारी तुकडी १८४२मध्ये निघाली. तिच्यात अवघे आठ जण होते. गणवेशाशिवाय हिंडणारा पोलीस म्हणजे सरकारी हेर, असा संशय लोकांच्या मनात होता. चार्ल्स डिकन्स यांनी तो पुष्कळ निवळवला. १८५०मध्ये आपल्या साप्ताहिकात त्यांनी या गुप्त पोलिसांचे कौतुकाने वर्णन केले आणि पुढे ‘ब्लीक हाउस’मध्ये इन्स्पेक्टर बकेट उभा केला.

हे कौतुक दहा वर्षांत ओसरले. १८६०च्या जूनअखेरीस विल्टशरमधील रोड हिल हाउस या सुखवस्तू घरातून सॅव्हिल केंट हा चार वर्षांचाही नसलेला मुलगा रात्रीतून नाहीसा झाला आणि बाहेरच्या शौचकूपात त्याचा मृतदेह सापडला. स्थानिक पोलिसांना काही उमगेना, तेव्हा लंडनहून जॅक व्हिचर यांना पाठवले गेले. ते त्या मूळच्या आठांपैकी एक, माळ्याचे पुत्र. धोब्याकडे जाणाऱ्या कपड्यांच्या वहीत नोंद असलेला एक रात्रीचा झगा सापडत नाही, एवढ्या धाग्यावरून त्यांनी घरातल्याच सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्स केंटला अटक केली.

देशभर संताप उसळला. माळ्याच्या पोराने सभ्य घराच्या कपाटात हात घालावा आणि घरच्या मुलीवर आळ घ्यावा, हे मध्यमवर्गाला खुनाइतकेच भयंकर वाटले. कॉन्स्टन्स सुटली आणि व्हिचर यांची अब्रू गेली. याच सुमारास सामान्य वाचक घरबसल्या तपास करू लागला. वर्तमानपत्रांकडे, गृहमंत्र्यांकडे आणि स्कॉटलंड यार्डकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. खुनी कोण, याचा प्रत्येकाचा वेगळा सिद्धांत होता. १८६५मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःच कबुली दिली, पण तोवर व्हिचर नोकरीतून बाहेर पडले होते.

विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’मध्ये (१८६८) हरवलेला झगाही आहे आणि धोब्याची वहीही, खुनाच्या जागी मात्र श्रीरंगपट्टणच्या लुटीतला हिरा आहे. त्यातला सार्जंट कफ गुलाबांचा वेडा आहे आणि त्याचा पहिला संशय घरच्या मुलीवरच जातो. वाचकांनी व्हिचर यांना जे दिले नाही ते प्रेम कफला दिले.

त्यानंतर पोलिसांचा पडता काळ आला. १८७७मध्ये स्कॉटलंड यार्डचेच अधिकारी भ्रष्टाचाराच्या खटल्यात उभे राहिले, आणि १८७८मध्ये गुप्त पोलीस विभागाची फेररचना करून ‘सीआयडी’ स्थापन झाला. अशा हवेत १८८७मध्ये शेरलॉक होम्स अवतरला आणि त्याच्यापुढे इन्स्पेक्टर लेस्ट्रेड सदैव मागे पडणारा ठरला. दोन महायुद्धांमधल्या काळात वाचकांचा आग्रह न्याय्य खेळाचा होता: सगळे दुवे आधी वाचकापुढे मांडावेत, मग उत्तर सांगावे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये त्याचे नियमच लिहून काढले. या खेळात पोलीस आला तरी तो कोडे सोडवणारा भिडू म्हणूनच येई. रेल्वेत अभियंता असलेले फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हे अपवाद. त्यांचा इन्स्पेक्टर फ्रेंच आगगाड्यांची वेळापत्रके ताडून पाहतो आणि गुन्हेगाराची ‘मी तिथे नव्हतोच’ ही सबब मिनिटामिनिटाने मोडून काढतो. समीक्षक जुलियन सिमन्स यांनी पुढे असल्या लेखकांना रटाळांच्या पंगतीत बसवले. ते अगदीच खोटे नाही. पण तपास हे कंटाळवाणे काम असते, हे कबूल करण्याचे धाडस क्रॉफ्ट्स यांनीच आधी दाखवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाचकाची तक्रार बदलली. ‘दुवा लपवलात’ याऐवजी ‘पोलीस असे वागत नाहीत’ असे तो म्हणू लागला. मॉरिस प्रॉक्टर यांना ही तक्रार आतून ठाऊक होती. हॅलिफॅक्समध्ये एकोणीस वर्षे शिपाई म्हणून गस्त घातल्यावर ते लेखनाकडे वळले. ‘हेल इज अ सिटी’मधील (१९५४) त्यांचे शहर नाव बदललेले मँचेस्टरच आहे. जॉन क्रीझी यांच्याबाबत असे सांगतात की, स्कॉटलंड यार्डमधून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याने त्यांना ‘आम्ही आहोत तसे दाखवा’ म्हणून टोकले. १९५५मध्ये जे. जे. मॅरिक या टोपणनावाने त्यांनी ‘गिडियन्स डे’ लिहिली. एकाच दिवसात एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर अनेक गुन्हे येतात. काही सुटतात, काही लोंबकळत राहतात. या प्रकाराला ‘पोलिस प्रोसीजरल’ हे नाव पुढच्याच वर्षी अँथनी बाउचर या अमेरिकी समीक्षकाने दिले.

मुंबईचा या इतिहासाशी संबंध येतो तो एच. आर. एफ. कीटिंग यांच्यामुळे. त्यांच्या आधीच्या कादंबऱ्या फारच ब्रिटिश वाटतात म्हणून अमेरिकेत प्रकाशक मिळेना. त्यावर तोडगा म्हणून त्यांनी मुंबई सीआयडीचा इन्स्पेक्टर गणेश घोटे निर्माण केला. आधी आडनाव घोष ठरले होते. ते बंगाली असल्याचे कळल्यावर घोटे झाले. ‘द परफेक्ट मर्डर’ला (१९६४) ब्रिटिश गुन्हेकथा-लेखक संघाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा कीटिंग यांनी मुंबई पाहिलीही नव्हती, ते इथे आले दहाएक वर्षांनी. घोटे हान्स ग्रोस यांचा तपासशास्त्रावरील ग्रंथ उराशी धरतो, साहेबांना वचकतो आणि तरीही खुनी शोधतो. १९८८च्या चित्रपटात ही भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली.

ब्रिटनमध्ये यानंतर पी. डी. जेम्स, रूथ रेंडल, रेजिनल्ड हिल आणि कॉलिन डेक्स्टर यांनी इन्स्पेक्टरला घर, आवडीनिवडी आणि दुखरे कोपरे दिले. खरे वळण मात्र कायद्याने दिले. १९८४चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा १९८६पासून अमलात आला. जबानी ध्वनिमुद्रित होऊ लागली, कोठडीसाठी स्वतंत्र अधिकारी आला आणि आरोप न ठेवता अडकवून ठेवण्याची साधी मुदत चोवीस तासांची झाली. त्याआधी यॉर्कशरच्या खूनसत्रात पीटर सटक्लिफ या खुन्याची पोलिसांनी नऊ वेळा चौकशी करूनही तो निसटला होता. लाखो कार्डांच्या ढिगात नोंदींचा मेळच बसला नव्हता. त्यातून आलेल्या संगणकप्रणालीच्या इंग्रजी आद्याक्षरांतून मुद्दाम ‘होम्स’ हे नाव साधले गेले. लेखकाला या सगळ्याची आयती कुमक मिळाली: घड्याळाचा ताण, बाजूला बसलेला वकील, फिरणारी टेप. वाचकाच्या हातीही नवी फूटपट्टी आली. बावीस तास उलटल्यावर मुदतवाढ कोणी मंजूर केली, हे लिहायचे राहिले तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही.

एडिनबरात इयन रँकिन रीबस या पोलिसावरच्या पहिल्या कादंबरीसाठी (१९८७) माहिती घ्यायला पोलीस ठाण्यात गेले. त्यांचे कथानक चालू तपासातल्या गुन्ह्याशी इतके जुळले की त्यांचीच चौकशी झाली. रीबसचे वय खऱ्या काळाबरोबर वाढत गेले, आणि स्कॉटलंडच्या नियमाप्रमाणे साठाव्या वर्षी, २००७च्या ‘एक्झिट म्युझिक’मध्ये तो निवृत्त झाला. वाचकांना ते रुचले नाही. रीबसला नोकरीत ठेवता यावे म्हणून पोलिसांचे निवृत्तीचे वय वाढवता येईल का, अशी विचारणा स्कॉटिश संसदेच्या एका सदस्येने न्यायमंत्र्यांकडे केली. वय काही वाढले नाही. रीबस २०१२मध्ये परतला तो जुनी न सुटलेली प्रकरणे तपासणाऱ्या विभागात, पोलिसी अधिकार नसलेला साधा नागरिक म्हणून.