अँड्रॉइड ॲप विकसकांचा मोबदला

अँड्रॉइड ॲप विकसकांचा मोबदला म्हणजे अँड्रॉइड या मुक्तस्रोत मोबाइल संचालन प्रणालीसाठी ॲप तयार करणाऱ्या व्यक्तींना व कंपन्यांना आपल्या कामातून मिळणारे उत्पन्न होय. ॲपची थेट विक्री, ॲपमधील खरेदी, वर्गणी, जाहिराती, देणग्या आणि अनुदाने हे या उत्पन्नाचे प्रमुख मार्ग आहेत. अँड्रॉइडचा मूळ संकेत सर्वांना खुला असला, तरी बहुतांश ॲपचे वितरण आणि पैशांची देवघेव गूगल प्ले या खासगी दुकानातून होते. त्यामुळे ग्राहकाने दिलेल्या रकमेपैकी किती वाटा विकसकाच्या हाती पडतो, हे संचालन प्रणालीच्या परवान्यापेक्षा दुकानाच्या अटींवर अधिक अवलंबून असते. या अटींवरून अमेरिका, भारत, दक्षिण कोरिया इत्यादी देशांत कायदेशीर वाद झाले आहेत.

पार्श्वभूमी

गूगलने २००५ मध्ये अँड्रॉइड ही कंपनी विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी हँडसेट उत्पादक, दूरसंचार कंपन्या व चिप उत्पादक यांच्या 'ओपन हँडसेट अलायन्स' या संघाची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये अँड्रॉइडचा संकेत खुला करण्यात आला. हा संकेत प्रामुख्याने अपाचे २.० परवान्याखाली आहे, तर त्यातील लिनक्स कर्नल जीपीएल आवृत्ती २ खाली आहे. हा संकेत कोणीही वापरू शकतो, त्यात बदल करू शकतो आणि त्यावर आधारित फोन विकू शकतो.

गूगल प्ले, गूगल नकाशे व प्ले सेवा यांचा मात्र या खुल्या संकेतात समावेश नाही. फोनमध्ये ही ॲप आधीपासून बसवायची असल्यास उत्पादकाला गूगलशी स्वतंत्र करार करावा लागतो. अँड्रॉइडवर अन्य दुकाने चालवण्यास किंवा संकेतस्थळावरून थेट ॲप उतरवून घेण्यास मुभा आहे. तथापि, फोनसोबत येणारे दुकान वापरण्याकडेच बहुसंख्य ग्राहकांचा कल असल्याने विकसकांना गूगल प्लेवर उपस्थित राहणे व्यवहारात आवश्यक ठरते. मुख्य भूप्रदेशीय चीन हा याला मोठा अपवाद आहे. तेथे गूगल प्ले उपलब्ध नसून ह्वावे, शाओमी, टेन्सेंट आदी कंपन्यांची दुकाने वापरली जातात.

इतिहास

गूगल प्लेचे पूर्वरूप असलेले 'अँड्रॉइड मार्केट' ऑक्टोबर २००८ मध्ये पहिल्या अँड्रॉइड फोनसोबत सुरू झाले. आरंभी त्यावर केवळ मोफत ॲप होती. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिका व ब्रिटनमधील विकसकांना सशुल्क ॲप विकण्याची परवानगी मिळाली. विक्रीच्या रकमेपैकी ७० टक्के वाटा विकसकाला मिळत असे. उरलेले ३० टक्के दूरसंचार कंपन्या आणि देयक प्रक्रियेचा खर्च यांसाठी असून गूगल त्यातून काही घेत नाही, असे कंपनीने त्या वेळी जाहीर केले होते. विकसक म्हणून नोंदणी करण्यासाठी २५ डॉलरचे एकरकमी शुल्क होते.

सुरुवातीला ग्राहकाला विकत घेतलेले ॲप २४ तासांच्या आत परत करून पूर्ण पैसे मिळवता येत. अल्पकाळात खेळून संपणाऱ्या खेळांच्या विकसकांना ही तरतूद तोट्याची होती. डिसेंबर २०१० मध्ये ही मुदत १५ मिनिटांवर आणण्यात आली व पुढे ती दोन तासांपर्यंत वाढवण्यात आली.

मार्च २०११ मध्ये ॲपमधील खरेदीची सोय सुरू झाली. ६ मार्च २०१२ रोजी अँड्रॉइड मार्केटचे नाव 'गूगल प्ले' झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वर्गणीची सोय आली. या दोन सोयींमुळे ॲप मोफत देऊन आतील सुविधांसाठी पैसे घेण्याची पद्धत रूढ झाली. भारतात सशुल्क ॲपची किमान किंमत २०१५ मध्ये ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणण्यात आली.

मोबदल्याचे मार्ग

थेट विक्री: ग्राहक ॲप उतरवून घेतानाच एकदा किंमत मोजतो. पुढील सुधारित आवृत्त्या त्याला सहसा त्याच किमतीत मिळतात. त्यामुळे नवे ग्राहक मिळणे थांबले की उत्पन्न थांबते, परंतु देखभालीचे काम चालूच राहते.

ॲपमधील खरेदी: ॲप मोफत मिळते. अतिरिक्त सुविधा, खेळातील वस्तू किंवा जाहिरातमुक्त आवृत्ती यांसाठी वेगळे पैसे द्यावे लागतात.

वर्गणी: ठरावीक मुदतीने रक्कम दिली जाते. ज्या ॲपमागे सर्व्हर, नवा मजकूर किंवा सततची देखभाल असते, त्यांना ही पद्धत सोयीची पडते.

जाहिराती: ग्राहकाऐवजी जाहिरातदार पैसे देतो. गूगलने नोव्हेंबर २००९ मध्ये ॲडमॉब ही मोबाइल जाहिरात कंपनी ७५ कोटी डॉलरना घेण्याची घोषणा केली व २०१० मध्ये हा व्यवहार पूर्ण झाला. 'अँग्री बर्ड्‌स' हा खेळ आयफोनवर विकत मिळत होता, पण २०१० मध्ये अँड्रॉइडवर तो जाहिरातींसह मोफत आला. या पद्धतीत उत्पन्न पाहणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते आणि वापरकर्त्यांची माहिती गोळा केली जाण्याचा प्रश्नही उद्भवतो.

वापराच्या वेळेनुसार मोबदला: ॲमेझॉनने ऑगस्ट २०१५ मध्ये 'ॲमेझॉन अंडरग्राउंड' ही योजना आणली. तीत ग्राहकाला ॲप पूर्णपणे मोफत मिळे आणि विकसकाला ते वापरले गेलेल्या प्रत्येक मिनिटामागे ०.००२ डॉलर, म्हणजे ५०० मिनिटांना एक डॉलर, मिळे. योजना गुंडाळत असल्याचे कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केले.

देणग्या व अनुदाने: मुक्त परवान्याखालील ॲप प्रामुख्याने या मार्गावर अवलंबून असतात.

सेवाशुल्काचे दर

अनेक वर्षे गूगल प्लेवरील सर्व सशुल्क डिजिटल व्यवहारांवर ३० टक्के सेवाशुल्क होते. जानेवारी २०१८ पासून एक वर्षाहून अधिक काळ टिकलेल्या वर्गणीवर ते १५ टक्के करण्यात आले. १ जुलै २०२१ पासून प्रत्येक विकसकाच्या वर्षभरातील पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर १५ टक्के दर लागू झाला. १ जानेवारी २०२२ पासून सर्व वर्गण्यांवर आरंभापासूनच १५ टक्के आकारले जाऊ लागले.

या दरांनुसार, कर वगळता १०० रुपयांच्या विक्रीतून लहान विकसकाला ८५ रुपये आणि मर्यादा ओलांडलेल्या विकसकाला पुढील विक्रीवर ७० रुपये मिळतात. अन्न, प्रवास, कपडे अशा प्रत्यक्ष वस्तू व सेवांच्या विक्रीवर हे शुल्क नाही. ते केवळ ॲपमध्ये वापरल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूंवर आहे. त्यामुळे रेल्वेचे तिकीट विकणारे ॲप शुल्काबाहेर राहते, तर अभ्यासक्रमाच्या ध्वनिचित्रफिती विकणाऱ्या ॲपला ते द्यावे लागते.

अन्य दुकानांचे नियम वेगळे होते. मार्च २०११ मध्ये सुरू झालेल्या ॲमेझॉन ॲपस्टोअरमध्ये विक्रीची किंमत ॲमेझॉन ठरवत असे. विकसकाला विक्रीच्या किमतीच्या ७० टक्के किंवा त्याने सुचवलेल्या किमतीच्या २० टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती मिळे.

वाद व खटले

सप्टेंबर २०२० मध्ये गूगलने डिजिटल वस्तू विकणाऱ्या सर्व ॲपना गूगल प्लेचीच देयक प्रणाली वापरणे बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. विकसकांचे आक्षेप दोन होते: शुल्काचा दर आणि अन्य देयक प्रणाली वापरण्यास मनाई. सुरक्षितता, वितरण, विकसन साधने आणि मोफत ॲपचा खर्च यांसाठी हे शुल्क आवश्यक असल्याची गूगलची भूमिका राहिली आहे.

१३ ऑगस्ट २०२० रोजी एपिक गेम्स या कंपनीने 'फोर्टनाइट' खेळात थेट पैसे भरण्याची सोय केली. त्याच दिवशी गूगलने हा खेळ गूगल प्लेवरून काढला आणि एपिकने कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. सुनावणीदरम्यान स्पॉटिफाय कंपनीला स्वतःच्या देयक प्रणालीतून झालेल्या व्यवहारांवर गूगलला काहीही द्यावे लागत नसल्याचे उघड झाले. ११ डिसेंबर २०२३ रोजी ज्युरीने एकमताने एपिकच्या बाजूने निकाल दिला. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायाधीश जेम्स डोनॅटो यांनी गूगलला अमेरिकेत अन्य देयक प्रणालींना व प्रतिस्पर्धी दुकानांना वाव देण्याचा आदेश दिला. अपील न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी तो कायम ठेवला.

दक्षिण कोरियाच्या संसदेने ऑगस्ट २०२१ मध्ये दूरसंचार व्यवसाय कायद्यात दुरुस्ती करून, दुकानचालकांना विशिष्ट देयक प्रणालीची सक्ती करण्यास बंदी घातली. त्यानंतर गूगलने तेथे पर्यायी प्रणालीस परवानगी दिली व तसे केल्यास सेवाशुल्कात ४ टक्के बिंदूंची सूट दिली. पर्यायी प्रणाली चालवण्याचा खर्च विकसकाला स्वतः करावा लागत असल्याने या सवलतीतून प्रत्यक्षात फारसे काही उरत नाही, अशी टीका विकसकांनी केली.

भारतातील स्थिती

भारतात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनपैकी बहुसंख्य अँड्रॉइडवर चालतात. त्यामुळे गूगल प्लेच्या अटींचा परिणाम येथील विकसकांवर मोठा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड बाजारपेठेतील प्रभुत्वाच्या गैरवापराबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये, आणि २५ ऑक्टोबर २०२२ रोजी गूगल प्लेच्या देयक धोरणाबद्दल ९३६.४४ कोटी रुपये दंड ठोठावला. दुसऱ्या आदेशात विकसकांना अन्य देयक प्रणाली वापरण्यापासून रोखू नये असे सांगण्यात आले. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या प्रकरणातील दंड २१६.६९ कोटी रुपयांवर आणला.

आयोगाच्या आदेशानंतर पर्यायी प्रणाली खुल्या झाल्या, परंतु त्या वापरूनही साधारण ११ किंवा २६ टक्के सेवाशुल्क गूगलला द्यावेच लागते. हे शुल्क भरण्यास नकार देणाऱ्या काही भारतीय कंपन्यांची ॲप गूगलने १ मार्च २०२४ रोजी प्लेवरून काढली. त्यांत विवाह जुळवणारी व नोकरीविषयक लोकप्रिय ॲप होती. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यानंतर काही दिवसांतच ती पूर्ववत झाली. त्याच महिन्यात स्पर्धा आयोगाने या शुल्काच्या चौकशीचा आदेश दिला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपे कंपनीने 'इंडस ॲपस्टोअर' हे दुकान सुरू केले. ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध असून विकसकांना हवी ती देयक प्रणाली वापरू देते. त्याचे मूळ आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी मुंबईत उभारलेल्या 'इंडस ओएस' या अँड्रॉइडवर आधारित प्रकल्पात आहे.

मुक्त सॉफ्टवेअर ॲप

मुक्त सॉफ्टवेअर विकण्यास परवान्याची आडकाठी नसते. जीपीएल परवाना विक्रीस स्पष्ट अनुमती देतो, मात्र ग्राहकाला संकेत मिळण्याचा आणि तो पुढे वाटण्याचा हक्कही देतो. परिणामी तेच ॲप दुसरा कोणी मोफत देऊ शकतो आणि किंमत ही व्यवहारात ऐच्छिक ठरते. ओसमँड हे नकाशांचे ॲप आणि दिनदर्शिका व संपर्क जुळवणारे डेव्हएक्स५ ही याची उदाहरणे आहेत. दोन्हींची पूर्ण आवृत्ती एफ-ड्रॉइडवर विनामूल्य मिळते, तर गूगल प्लेवर त्यासाठी पैसे द्यावे लागतात. सोय किंवा विकसकाला पाठिंबा म्हणून अनेक ग्राहक ही किंमत देतात.

२०१० मध्ये सुरू झालेले एफ-ड्रॉइड हे केवळ मुक्त सॉफ्टवेअर असलेल्या ॲपचे, स्वयंसेवकांनी चालवलेले भांडार आहे. त्यात विक्रीची व्यवस्था नाही. ॲपच्या पानावर विकसकाने दिलेला देणगीचा दुवा दाखवला जातो. लिबरापे, ओपन कलेक्टिव्ह यांसारख्या सेवांमार्फत या देणग्या दिल्या जातात. नेदरलँड्समधील एनएलनेट प्रतिष्ठान अशा प्रकल्पांना अनुदाने देते.

गूगल प्लेवर देणगी मागण्यावरही निर्बंध आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये वायरगार्ड या मुक्तस्रोत व्हीपीएन ॲपमध्ये देणगीच्या पानाचा दुवा असल्याच्या कारणावरून ते गूगल प्लेवरून काढण्यात आले होते. दुवा हटवल्यावर ते परत आले.

पुरेसा मोबदला न मिळाल्यास प्रकल्प बंद पडण्याचा किंवा विकला जाण्याचा संभव असतो. 'सिंपल मोबाइल टूल्स' हा लोकप्रिय मुक्तस्रोत ॲपसंच २०२३ च्या अखेरीस एका व्यावसायिक कंपनीला विकण्यात आला. जाहिराती व माहिती संकलनाच्या शंकेने वापरकर्ते नाराज झाले. मात्र संकेत जीपीएलखाली असल्याने एका सहयोगी विकसकाने त्यापासून 'फॉसिफाय' हा नवा संच तयार केला. जुने नाव आणि दुकानातील ग्राहक विकले गेले, तरी संकेतावरील सर्वांचा हक्क अबाधित राहिला. नव्या संचाच्या देखभालीचा खर्च मात्र पुन्हा देणग्यांवरच येऊन ठेपला.

हेही पहा

अँड्रॉइड
गूगल प्ले
एफ-ड्रॉइड
मुक्त सॉफ्टवेअर
भारतीय स्पर्धा आयोग