पोस्टग्रेस्क्यूएल : विंडोजवरील स्थापना आणि संरूपण

पोस्टग्रेस्क्यूएल (बोलण्यात नुसते 'पोस्टग्रेस') हे संबंधाधारित विदागारांचे व्यवस्थापन करणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते विदा सर्व्हर या प्रकारात मोडते. म्हणजे विदा असलेल्या संचिका वापरकर्ता स्वतः उघडत नाही. संगणकात अखंड चालू असलेली एक आज्ञावली त्या सांभाळते आणि इतर आज्ञावल्या तिच्याकडे एसक्यूएल भाषेत मागणी करतात. हा सर्व्हर विंडोज प्रणालीच्या संगणकावर बसवणे हे काही मिनिटांचे काम आहे. तो नीट बसवण्यासाठी मात्र बंदर, सेवा, प्रवेशनियम, वर्णसंकेतन व अनुवर्णक्रम या बाबी समजून घ्याव्या लागतात. मराठी मजकूर साठवायचा असल्यास शेवटच्या दोन बाबींकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

== पार्श्वभूमी ==

या सॉफ्टवेअरचे मूळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ साली तेथे 'पोस्टग्रेस' प्रकल्प सुरू झाला. पुढे अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल भाषेची जोड दिली आणि १९९६ साली आजचे नाव रूढ झाले. हे सॉफ्टवेअर युनिक्सच्या घराण्यातले असल्याने विंडोजवर ते बराच काळ 'सिग्विन' या मध्यस्थ व्यवस्थेच्या आधारानेच चालत असे. १९ जानेवारी २००५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ८.० या आवृत्तीपासून ते विंडोजवर थेट चालू लागले. जन्म एका घरचा आणि नांदणे दुसऱ्या घरी, असा हा प्रकार असल्यामुळे विंडोजवरील काही अडचणी लिनक्सवर भेटत नाहीत.

== स्थापना ==

विंडोजसाठीचा प्रस्थापक एंटरप्राइझडीबी ही कंपनी तयार करते आणि प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याकडे जाता येते. ११ व्या आवृत्तीपासून तो केवळ ६४-बिट विंडोजसाठी मिळतो. प्रस्थापक चार घटक देऊ करतो : मूळ सर्व्हर, 'पीजीॲडमिन' हे चित्रमय साधन, आदेश-ओळीवरील साधने आणि जोड-सॉफ्टवेअर उतरवून देणारा 'स्टॅक बिल्डर'. पहिले तीन घेतलेले बरे. चौथ्यावाचून सामान्यतः काही अडत नाही.

यानंतर विदा कोठे ठेवायची हे विचारले जाते. सुचवलेली जागा 'प्रोग्रॅम फाइल्स'मधील पोस्टग्रेस्क्यूएलच्या फोल्डरात 'डेटा' या नावाने असते. मोठ्या कामासाठी वेगळी डिस्क निवडता येते, परंतु ती त्याच संगणकातील असावी. ढगसाठ्याशी आपोआप जुळवून घेणाऱ्या फोल्डरात किंवा जाळ्यावरील सामायिक फोल्डरात ही विदा ठेवणे धोक्याचे असते. सर्व्हर लिहीत असलेल्या संचिकेला दुसऱ्या आज्ञावलीने हात घातला तर विंडोज ती संचिका अडवून धरते आणि सर्व्हरचे लेखन अडखळते. याच कारणासाठी विषाणूरोधक सॉफ्टवेअरच्या तपासणीतून हा फोल्डर वगळण्याची शिफारस केली जाते.

पुढचा प्रश्न परवलीच्या शब्दाचा. तो 'पोस्टग्रेस' नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी असतो. विंडोजच्या खात्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. नवशिक्यांचा येथे हमखास घोटाळा होतो. आदेश-ओळीवरील 'पीएसक्यूएल' हे साधन परवलीचा शब्द टंकताना पडद्यावर काहीच दाखवीत नाही, तारकाचिन्हेही नाहीत. त्यामुळे कळफलक बिघडला असे वाटून माणूस हात आखडतो. वस्तुतः अक्षरे उमटत नसली तरी पोचत असतात.

बंदराचा क्रमांक ५४३२ हा रूढ आहे. त्याच संगणकावर आधीची आवृत्ती चालू असेल तर प्रस्थापक ५४३३ सुचवतो. तो न वाचता पुढे गेल्यास नंतर आपण नव्या सर्व्हरशी बोलत आहोत की जुन्याशी, हेच कळेनासे होते. शेवटी 'लोकेल' म्हणजे भाषा-प्रदेश निवडायचा असतो. त्याचा विचार पुढे मराठी मजकुराच्या विभागात केला आहे.

== विंडोज सेवा ==

स्थापनेनंतर सर्व्हर विंडोजच्या 'सर्व्हिसेस' यादीत एक सेवा म्हणून दिसतो. संगणक सुरू होताच ती सेवाही सुरू होते, कोणी लॉग-इन करण्याची गरज नसते. ९.२ या आवृत्तीपासून ही सेवा 'नेटवर्क सर्व्हिस' या मर्यादित अधिकारांच्या अंगभूत खात्याखाली चालते. प्रशासकाच्या पूर्ण अधिकारांनी चालण्यास पोस्टग्रेस्क्यूएल मुद्दामच नकार देते. सर्व्हरमध्ये कोणी शिरकाव केला तरी संपूर्ण संगणक त्याच्या हाती पडू नये, हा त्यामागील हेतू. विदेचा फोल्डर दुसरीकडे हलवल्यावर सेवा सुरू होत नसेल, तर नव्या फोल्डरावर या खात्याला अधिकार आहेत की नाहीत हे प्रथम पाहावे.

== संरूपणाच्या दोन संचिका ==

विदेच्या फोल्डरात असणाऱ्या दोन साध्या मजकूर-संचिकांवर सर्व्हरचे वर्तन ठरते. 'प्रोग्रॅम फाइल्स'मधील संचिका बदलून जतन करण्यासाठी नोटपॅड प्रशासकाच्या अधिकाराने उघडावे लागते.

पहिली संचिका 'पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ'. सर्व्हरने कोणत्या पत्त्यांवर कान द्यावा हे तिच्यातील 'लिसन_ॲड्रेसेस' ही ओळ सांगते. मूळ सॉफ्टवेअरमध्ये तिचे मूल्य 'लोकलहोस्ट' म्हणजे फक्त हाच संगणक असे असते, परंतु विंडोजचा प्रस्थापक तेथे तारकाचिन्ह घालतो. म्हणजे सर्व्हर सर्व पत्त्यांवर ऐकत बसतो आणि संरक्षणाचा भार दुसऱ्या संचिकेवर व विंडोजच्या अग्निभिंतीवर येतो. 'शेअर्ड_बफर्स' म्हणजे सर्व्हरने स्वतःसाठी राखलेली स्मृती. ती मुळात १२८ मेगाबाइट असते. केवळ विदागारासाठी वाहिलेल्या संगणकावर एकूण स्मृतीच्या सुमारे २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी असे प्रकल्पाचे दस्तऐवज सांगतात. विंडोजवर ५१२ मेगाबाइटच्या पुढे लाभ नाही, हा सल्ला जुन्या दस्तऐवजांत होता. १० व्या आवृत्तीपासून तो काढून टाकण्यात आला. तरीही जुन्या लेखांतून तो अजून भेटतो. एकाच वेळी किती जोडण्या स्वीकारायच्या याची मूळ मर्यादा १०० आहे. स्मृती, बंदर, ऐकण्याचे पत्ते आणि जोडण्यांची मर्यादा यांतील बदल सेवा बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतात. इतर बहुतेक बदलांना संरूपण पुन्हा वाचण्याचा आदेश पुरतो.

दुसरी संचिका 'पीजी_एचबीए.कॉन्फ'. तिला सर्व्हरचा दरवाजा म्हणता येईल. प्रत्येक ओळीत जोडणीचा प्रकार, विदागार, वापरकर्ता, पत्ता आणि ओळख पटवण्याची पद्धत असे पाच रकाने असतात. सर्व्हर ओळी वरून खाली वाचतो आणि जुळलेल्या पहिल्या ओळीवर थांबतो. त्या ओळीप्रमाणे प्रवेश नाकारला गेला तर पुढची उदार ओळ उपयोगी पडत नाही. अमुक ओळ लिहूनही चालत नाही, अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा या क्रमात असते.

स्थापनेनंतर येथे फक्त स्वतःच्या संगणकाला परवानगी असते. शाळेतील संगणक-कक्षातल्या इतर यंत्रांना प्रवेश द्यायचा असेल तर त्या कक्षाची पत्तामालिका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४, आणि 'स्क्रॅम-एसएचए-२५६' ही पद्धत असलेली ओळ वाढवावी. संचिकेत हे सर्व इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी अंकांतच टंकायचे असते. ही पद्धत २०१७ सालच्या १० व्या आवृत्तीत आली आणि १४ व्या आवृत्तीपासून परवलीचे शब्द मुळातच तिच्यानुसार साठवले जाऊ लागले. त्याआधीची 'एमडी५' पद्धत नव्या स्थापनेत वापरू नये. विंडोजवर या संचिकेतील बदल पुढच्या नव्या जोडणीला तत्काळ लागू होतात, लिनक्सवर मात्र संरूपण पुन्हा वाचायला सांगावे लागते. हा फरक विंडोजच्या बाजूने सोयीचा वाटतो, परंतु चुकीची ओळही तितक्याच तत्परतेने अंमलात येते. बाहेरून जोडण्यासाठी विंडोजच्या अग्निभिंतीत ५४३२ या बंदरासाठी आवक-नियमही करावा लागतो. तो 'खाजगी' जाळ्यापुरता ठेवावा.

'ट्रस्ट' ही पद्धत परवलीचा शब्द न विचारताच आत सोडते. सर्वाधिकाऱ्याचा परवलीचा शब्द विसरल्यास तिचा उपयोग होतो : स्थानिक पत्त्याच्या ओळीत काही क्षणांपुरते 'ट्रस्ट' लिहावे, आत जाऊन नवा शब्द ठरवावा आणि जुनी पद्धत परत लिहावी. शेवटची पायरी विसरली जाते, आणि खरा धोका तेथे असतो. सर्व पत्ते दर्शवणारी ०.०.०.०/० ही मालिका आणि 'ट्रस्ट' एका ओळीत आले की त्या सर्व्हरला कुलूप उरत नाही.

== मराठी मजकूर ==

प्रस्थापक विदागारांसाठी यूटीएफ-८ हे संकेतन ठरवतो, त्यामुळे देवनागरी साठवण्यात अडचण येत नाही. अडचण येते ती दाखवण्यात. विंडोजची काळी आदेश-खिडकी जुन्या सांकेतिक पृष्ठांवर चालते. 'पीएसक्यूएल' सुरू होताच खिडकीचे पृष्ठ आणि विंडोजचे पृष्ठ वेगळे असल्याची सूचना दिसते आणि मराठी ओळ मागवली की अमुक बाइटांना 'विन१२५२' संकेतनात समतुल्य नाही, असा दोष येतो. विदा बिघडलेली नसते. १२५२ हे पश्चिम युरोपीय लिप्यांचे पृष्ठ आहे, त्यात 'म' कोठून असणार? 'सीएचसीपी ६५००१' या आदेशाने खिडकीचे पृष्ठ बदलावे आणि ग्राहक-संकेतन यूटीएफ-८ असे सांगावे. हे जमत नसल्यास पीजीॲडमिन वापरावे, त्यात हा प्रश्न उद्भवत नाही.

लांबीचा हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. 'महाराष्ट्र' या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात. युनिकोडप्रमाणे त्यात मात्रा व हलन्त धरून दहा चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये तो तीस बाइट व्यापतो. रकान्याची मर्यादा चिन्हांत मोजली जाते. इंग्रजी नावांच्या अंदाजाने आखलेला वीस चिन्हांचा रकाना मराठी नावांना त्यामुळे तोकडा पडतो.

अनुवर्णक्रम हा आणखी नाजूक विषय. केवळ संकेतांकानुसार क्रम लावला तर 'ळ' हा 'ल'नंतर लगेच येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तेथे आहे. मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. १० व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस्क्यूएल 'आयसीयू' या ग्रंथालयाचे भाषानिहाय क्रम वापरू शकते आणि त्यांत मराठीचाही क्रम आहे. १५ व्या आवृत्तीपासून तो संपूर्ण विदागाराचा मूळ क्रम म्हणूनही नेमता येतो. विंडोजच्या लोकेलपेक्षा आयसीयू घेण्यास आणखी एक कारण आहे. तुर्कस्तानने २०२२ साली आपले आंतरराष्ट्रीय नाव 'तुर्किये' असे बदलून घेतले. पुढे विंडोजच्या एका अद्ययावतीकरणात लोकेलचे नावही बदलले आणि जुने नाव नोंदलेली विदागारे उघडेनाशी झाली. चूक विदागार चालवणाऱ्यांची नव्हती. त्यांनी केवळ प्रणाली अद्ययावत केली होती.

'कऱ्हाड' किंवा 'दऱ्या' या शब्दांतील 'ऱ' दोन रीतींनी टंकला जातो : एकच संकेतांक म्हणून, अथवा 'र' आणि नुक्ता मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे यादीत असलेले गाव शोधात सापडत नाही. १३ व्या आवृत्तीत आलेल्या 'नॉर्मलाइझ' या फलनाने दोन्ही रूपे एक करता येतात. हे काम मजकूर आत घेतानाच करावे.

== विदेची सुरक्षा व राखीव प्रती ==

विदेच्या फोल्डरातील कोणतीही संचिका हाताने पुसू नये. १० व्या आवृत्तीपूर्वी व्यवहारांची पूर्वनोंद ठेवणाऱ्या फोल्डरचे नाव 'पीजी_एक्सलॉग' आणि व्यवहारस्थितीच्या फोल्डरचे 'पीजी_क्लॉग' असे होते. 'लॉग' म्हणजे जुन्या नोंदींचा कचरा, असे समजून जागा मोकळी करण्यासाठी काहींनी ते पुसले आणि त्यांची विदा कायमची गेली. अखेर प्रकल्पाने नावेच बदलून 'पीजी_वॉल' व 'पीजी_एक्सॲक्ट' अशी केली. ज्या नोंदी निर्धास्तपणे काढता येतात त्या नुसत्या 'लॉग' नावाच्या फोल्डरात असतात.

चालू सर्व्हरचा फोल्डर नकलून घेणे म्हणजे राखीव प्रत नव्हे, कारण नक्कल होईपर्यंत आतील संचिका बदलत राहतात. त्यासाठी 'पीजी_डंप' हे साधन आहे. ते एकाच विदागाराची प्रत काढते. वापरकर्ते व त्यांचे अधिकार त्यात येत नाहीत, ते 'पीजी_डंपऑल'ने वेगळे काढावे लागतात. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत 'पेक्षा मोठे' या चिन्हाने प्रत संचिकेकडे वळवली तर ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि वाटेत देवनागरीचा चुराडा होतो. ही गोष्ट प्रत परत भरण्याची वेळ येईपर्यंत कळत नाही. म्हणून संचिकेचे नाव साधनाच्या स्वतःच्या 'एफ' या पर्यायाने द्यावे आणि निघालेली प्रत एखाद्या रिकाम्या विदागारात भरून पाहावी. रोजची प्रत 'टास्क शेड्युलर'कडे सोपवता येते.

== अद्ययावतीकरण व काढून टाकणे ==

दरवर्षी एक मुख्य आवृत्ती निघते आणि तिला पाच वर्षे आधार मिळतो. एकाच मुख्य आवृत्तीतील किरकोळ सुधारणा बसवताना विदा तशीच राहते. मुख्य आवृत्ती बदलताना मात्र जुना फोल्डर नव्या सर्व्हरला वाचता येत नाही. विदा 'पीजी_अपग्रेड'ने रूपांतरित करावी लागते किंवा डंप काढून परत भरावी लागते. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसते, जुनीची जागा घेत नाही. विदा तपासून झाल्यावरच जुनी काढावी. विंडोजमधून सॉफ्टवेअर काढून टाकल्यावरही विदेचा फोल्डर जागेवर राहतो. तो नको असल्यास वेगळा पुसावा लागतो.