सागरगोट्यांतलं गणित

आमच्या बेलवलीच्या घरी आजी सागरगोटे खेळायची. पाच गोटे. एक उडवायचा, तो झेलेपर्यंत खालचे उचलायचे. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन नि एक, शेवटी चारही. चारची फोड झाली की हो, पाटीशिवाय!

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक नि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी काढली, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत काम केलं. माँटेसरीची साधनं महाग. मग खडे, बिया, शिंपले हीच साधनं झाली. गरिबाच्या पोराचं शिक्षण पैशांवाचून अडलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

मामी, तुझी सागरगोट्यांची पिशवी जपून ठेव. चिमणीला आकडे शिकवायचेत!