बृहदांत्रातील पॉलिप आणि कर्करोग

बृहदांत्रातील पॉलिप म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरावर उगवणारी वाढ होय. ती कधी देठावरच्या अळंबीसारखी, तर कधी चपटी असते. बृहदांत्राच्या कर्करोगाची सुरुवात बहुधा अ‍ॅडेनोमा या प्रकारच्या पॉलिपमधून होते. मात्र पॉलिप आढळला म्हणजे कर्करोग झाला, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक पॉलिप त्या टोकाला कधीच जात नाहीत. कोणता जाईल, हे मुख्यतः त्याच्या पेशींतील जनुकीय बदलांवर ठरते.

जनुकीय बदल

आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते. पेशींच्या या अखंड विभाजनात डीएनएची नक्कल करताना चुका होतात. अशा चुका टप्प्याटप्प्याने साचून कर्करोग होतो, असे प्रारूप अमेरिकी संशोधक एरिक फिअरन व बर्ट व्होगेलस्टीन यांनी १९९० साली मांडले.

पहिला आघात बहुधा ५ व्या गुणसूत्रावरील एपीसी जनुकावर होतो. हे जनुक बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा नाश घडवून पेशींच्या वाढीला लगाम घालते. आईकडून व वडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की लगाम सुटतो आणि लहान अ‍ॅडेनोमा तयार होतो. पुढे १२ व्या गुणसूत्रावरील केरास जनुक बिघडल्यास वाढीचा संदेश थांबतच नाही व पॉलिप मोठा होतो. बिघडलेल्या पेशीचे विभाजन रोखणारे किंवा तिला नष्ट करणारे टीपी ५३ हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असते. तेही निकामी झाले की पेशी अस्तर भेदून खोलवर शिरू शकतात. यालाच कर्करोग म्हणतात. या प्रवासास सामान्यतः दहा किंवा अधिक वर्षे लागतात. बदलांच्या क्रमापेक्षा त्यांचा एकूण साठा महत्त्वाचा, हेही मूळ प्रारूपातच सांगितले होते. पाठ्यपुस्तकांतील सुबक आकृत्यांत ते हरवते.

दुसरी वाट करवती रचनेच्या पॉलिपमधून जाते. तेथे बीराफ जनुकात बदल होतो आणि डीएनए दुरुस्त करणारे एमएलएच १ हे जनुक मुके होते. मुद्रितशोधक रजेवर गेल्यावर पुस्तकात चुका राहाव्यात, तशी ही अवस्था असते.

आनुवंशिक प्रकार

कौटुंबिक अ‍ॅडेनोमा विकारात एपीसीची एक सदोष प्रत जन्मतःच असते. तरुणपणीच शेकडो पॉलिप होतात आणि उपचार न केल्यास कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. लिंच विकारात दुरुस्ती करणारे जनुक सदोष असते. दोन्हींत दोष अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते.

महाराष्ट्रातील स्थिती

पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे. तथापि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या अभ्यासात सरासरी वय सुमारे ४७ वर्षे आढळले. शौचावाटे रक्त गेले की आपल्याकडे मूळव्याध समजून घरगुती उपाय केले जातात आणि मोलाचा काळ निघून जातो. कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत पॉलिप दिसतो व बहुधा त्याच वेळी काढताही येतो; तो काढला की त्यातून होऊ शकणारा कर्करोग टळतो. शासनाच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी चाळणी तपासणी आहे. बृहदांत्राचा समावेश त्यात नाही. त्यामुळे ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार झाला आहे, त्यांना लक्षणांची वाट न पाहता स्वतःहून डॉक्टरांकडे तपासणीची विचारणा करावी लागते.