दोन मतं कमी पडली तेव्हा



गटाच्या बैठकीत निवडणुकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "मत देऊन झालं, आता पाच वर्षं आपल्याला कोण विचारतंय?" आज त्याच वाक्यावर बोलू. त्यासाठी आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत जावं लागेल. तिथल्या बऱ्याच राज्यांत तेव्हा बायकांना मत देता येत नव्हतं. तरीही त्यांनी मधल्या एका निवडणुकीत मोठ्या पुढाऱ्यांना हिसका दाखवला आणि देशाचा कायदा बदलायला लावला.

आधी एक शब्द समजून घेऊ. आपल्याकडे सरकार पडलं आणि मुदतीआधीच निवडणूक लागली, की तिला मध्यावधी निवडणूक म्हणतात. अमेरिकेतली मध्यावधी निवडणूक वेगळी असते. ती ठरलेल्या वेळी येतेच. तिथे राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडतात. आपल्या लोकसभेसारखं जे सभागृह आहे, त्याची मुदत फक्त दोन वर्षं. दुसरं सभागृह म्हणजे सिनेट. तिथला सभासद सहा वर्षं राहतो, पण दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक होते. म्हणजे राष्ट्राध्यक्षाची दोन वर्षं झाली की लोक पुन्हा मतदानाला जातात. राष्ट्राध्यक्ष तोच राहतो, पण त्याला कायदे करून देणारी माणसं बदलू शकतात.

पूर्वी सिनेटचे सभासद राज्यांची विधिमंडळं निवडायची. १९१३ साली घटनादुरुस्ती झाली आणि ते थेट लोकांच्या मतावर निवडून येऊ लागले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बायकांना मत मिळावं ही मागणी तिथे १८४८ पासून चालू होती. १९१८ पर्यंत काही राज्यांनी तो हक्क दिला होता, पण सगळ्या देशासाठी घटना बदलायला हवी होती. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. वर तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरीही लागते. तेव्हाच्या ४८ राज्यांपैकी ३६ राज्यांची.

जानेवारी १९१८ मध्ये खालच्या सभागृहात ठराव मंजूर झाला. बाजूने २७४, विरोधात १३६. एकही मत कमी पडलं असतं तर ठराव पडला असता. मग तो सिनेटकडे गेला. पहिलं महायुद्ध चालू होतं. बायका कारखान्यांत, शेतांत, दवाखान्यांत राबत होत्या. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन स्वतः सिनेटमध्ये गेले आणि म्हणाले की युद्धाचा भार बायका वाहतात, तर हक्कातही त्यांना वाटा द्या. दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबरला, मतदान झालं. दोन मतं कमी पडली.

इतकी वर्षं झगडून दोन मतांसाठी अडलं, तर कुणीही कपाळाला हात लावून बसलं असतं. पण निवडणूक एका महिन्यावर आली होती. कॅरी चॅपमन कॅट यांच्या नेतृत्वाखालच्या मोठ्या संघटनेने हिशोब मांडला. सगळं सिनेट बदलायची गरज नव्हती, दोन माणसं बदलली तरी पुरे होतं. बायकांच्या मताच्या विरोधात असलेले आणि या निवडणुकीला उभे असलेले चार उमेदवार त्यांनी निवडले. मॅसॅच्युसेट्सचे वीक्स, डेलावेअरचे सॉल्सबरी, न्यू हॅम्पशायरचे मोझेस आणि न्यू जर्सीचे बेअर्ड. तिघे एका पक्षाचे होते, एक दुसऱ्या पक्षाचा. पक्ष कुठला हे त्यांनी पाहिलंच नाही, भूमिका काय तेवढं पाहिलं.

या चारही राज्यांत बायकांना या निवडणुकीत मत देता येत नव्हतं. मग त्या काय करणार होत्या? त्यांच्याकडे नोंदी होत्या. चळवळीतल्या बायका एकेका खासदाराची माहिती कार्डांवर लिहून ठेवत. कोणत्या ठरावावर तो काय बोलला, मत कुठे दिलं, त्याच्यावर कुणाचं वजन आहे. या माहितीच्या जोरावर त्या मत असलेल्यांकडे, म्हणजे पुरुषांकडे गेल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी वीक्स यांचं आजवरचं मतदान लोकांसमोर ठेवलं. बायकांच्या प्रश्नावर तर ते विरोधात होतेच, पण इतर कामांतही त्यांनी लोकांच्या बाजूने काय केलं, हे मतदारांनीच पाहावं, असं त्यांचं सांगणं होतं.

त्याच दिवसांत इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडचे जुने लोक जिला मानमोडी म्हणायचे, तीच ही. बऱ्याच गावांत सभांना बंदी होती. तरीही पत्रकं वाटून, पत्रं लिहून काम चालूच राहिलं.

५ नोव्हेंबर १९१८ ला मतदान झालं. मोझेस आणि बेअर्ड निवडून आले. पण वीक्स आणि सॉल्सबरी पडले. त्यांच्या जागी वॉल्श आणि बॉल आले. दोघेही बायकांच्या मताच्या बाजूचे. हे सगळं एकट्या बायकांमुळे झालं असं म्हणणं खरं होणार नाही. युद्ध, महागाई, स्थानिक राजकारण, पुष्कळ कारणं होती. पण बायकांशी वैर घेतलं तर खुर्ची जाऊ शकते, हे सगळ्या पुढाऱ्यांना दिसलं. त्याच दिवशी मिशिगन, साउथ डकोटा आणि ओक्लाहोमा या तीन राज्यांतल्या पुरुष मतदारांनीही बायकांना मताचा हक्क दिला.

जुन्या सिनेटची मुदत मार्चपर्यंत होती. फेब्रुवारी १९१९ मध्ये त्यांनी पुन्हा मतदान घेतलं, तेव्हा एक मत कमी पडलं. मग नवी माणसं आली. २१ मे १९१९ ला खालच्या सभागृहात ३०४ मतांनी ठराव मंजूर झाला. ४ जूनला सिनेटमध्येही झाला, ५६ विरुद्ध २५. या वेळी लागत होती त्याहून दोन मतं जास्त पडली.

याच निवडणुकीने देशाचं आणखी एक मोठं धोरण फिरवलं. विल्सन यांच्या पक्षाचं बहुमत दोन्ही सभागृहांत गेलं. युद्धानंतर सगळ्या देशांचा मिळून राष्ट्रसंघ व्हावा, हे त्यांचं स्वप्न होतं. नव्या सिनेटने तो तह नाकारला आणि अमेरिका राष्ट्रसंघात गेलीच नाही. राष्ट्राध्यक्ष तेच होते, पण मधल्या निवडणुकीने त्यांची एक गोष्ट पुढे नेली आणि दुसरी अडवली.

शेवटचं, ३६ वं राज्य ठरलं टेनेसी. ऑगस्ट १९२० मध्ये तिथल्या विधिमंडळात मतं अगदी काट्यावर होती. हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा आमदार विरोधकांचं लाल गुलाबाचं फूल लावून आला होता. खिशात आईचं पत्र होतं. बायकांच्या बाजूने मत दे, असं तिने लिहिलं होतं. त्याने आईचं ऐकलं आणि बाजी फिरली.

मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपत नाही. १९२१ साली तिथल्या संसदेने गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांच्या आरोग्यासाठी पैसा देणारा कायदा केला. खेड्यापाड्यांत परिचारिका घरी जाऊ लागल्या, बाळांच्या तपासणीची केंद्रं निघाली. पुढच्याच वर्षी मध्यावधी निवडणूक होती आणि पुढाऱ्यांना बायकांच्या मताची धास्ती होती. पण काही वर्षांत त्यांना कळलं की बायका एका प्रश्नावर एकत्र मत देत नाहीत. धास्ती ओसरली, डॉक्टरांच्या संघटनेचाही विरोध होता, आणि १९२९ मध्ये ती योजना बंद पडली. शिवाय दक्षिणेतल्या काळ्या बायकांना कागदावर हक्क मिळूनही तिथल्या अधिकाऱ्यांनी मतदानापासून दूर ठेवलं. त्यांना खरं मत मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला.

म्हणून मला यातून एवढंच सांगायचंय. दोन निवडणुकांच्या मधला काळ रिकामा नसतो. कोण काय बोललं, कुणी काय केलं, याची नोंद ज्यांच्याकडे असते, त्यांचं निवडणुकीत ऐकलं जातं. आपल्याकडे अमेरिकेसारखी मधली निवडणूक नाही. पण ग्रामसभा आहे, आणि तिच्याआधी महिला सभा घ्यायची असा महाराष्ट्राच्या कायद्यात नियम आहे. बचतीचा पैसान् पैसा आपण वहीत लिहितो. तशीच एक वही आणखी करा. पाण्याची टाकी, अंगणवाडीची खोली, दारूचं दुकान, जे बोललं गेलं ते तारखेसह लिहा. पुढे काय झालं, तेही लिहा. आणि महिला सभेत ती वही मोठ्याने वाचा.

मग "पाच वर्षं कोण विचारतंय" असं म्हणायची वेळ येणार नाही. विचारणाऱ्या आपणच असू.