जमीन की कागद? झाशीची साक्ष

नव्याने पैसा गुंतवू पाहणारा गृहस्थ विचारतो, ‘घर-जमीन घ्यावी की शेअर?’ जमीन डोळ्यांना दिसते, शेअर म्हणजे नुसता कागद, अशी आपली समजूत. झाशीचा इतिहास या समजुतीला धक्का देतो.

१८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव नेवाळकर निवर्तले. पुढच्याच वर्षी डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले. किल्ला होता तिथेच उभा राहिला. गेला तो हक्क. खासगीचे ६ लक्ष रुपये दत्तक पुत्र दामोदररावांच्या नावे सरकारी खजिन्यात पडून राहिले. त्यांतले १ लक्ष मुंजीसाठी मागितले, तेव्हा राणीला जामीन द्यावे लागले. १८५७ नंतर उरलेली रक्कमही दामोदररावांच्या हाती आली नाही.

शेअरांनी तरी कोणाला तारले? १८६५ मध्ये मुंबईचा सट्टा कोसळला आणि समुद्र हटवून जमीन करू निघालेल्या बॅक बे कंपनीचे शेअर मातीमोल झाले.

तेव्हा श्रोतेहो, जमीन की कागद हा प्रश्न नंतरचा. आधी पाहावे ते हे की, आपला हक्क मान्य करणारा कोण, आणि गरजेच्या दिवशी पैसा हाती येईल काय?